‘सुती कपडे वापरा’ असं डॉक्टर का सांगतात?

मार्च उजाडला की माझ्या चिठ्ठीवर औषधांच्या खाली एक ओळ हमखास येते: ‘सैल, सुती कपडे वापरा.’ घामोळं असो, जांघेतलं गजकर्ण असो की बाळाच्या मानेवरचं पुरळ असो, ओळ तीच. बहुतेक रुग्ण मान डोलावतात आणि घरी जाऊन आधी घालत होते तेच घालतात. काही जण मात्र विचारतात, “डॉक्टर, हल्ली क्रिकेटवाले, मॅरेथॉनवाले सगळे पॉलिएस्टरच घालतात. मग आम्हालाच सुती कशाला?”

प्रश्न रास्त आहे. थोडक्यात उत्तर असं की कापूस पाणी पितो आणि पॉलिएस्टर जवळजवळ पीत नाही. घाम, खाज, वास, जखमेवरची पट्टी, स्वयंपाकघरातला भडका, इतकंच काय हृदयाजवळ शिवलेली कृत्रिम रक्तवाहिनी, या सगळ्यांच्या मुळाशी हा एकच फरक आहे. तो समजायला इतिहासात थोडं मागे जावं लागतं. आजचा लेख त्यासाठी.

कापसाचा तंतू म्हणजे काय?

कापूस म्हणजे सरकीच्या सालीवरचे केस. सालीवरची एकेक पेशी लांबच लांब वाढत जाते; एक तंतू म्हणजे एकच पेशी. बोंड उकललं की ती पेशी सुकते, आतली पोकळी चपटी होते आणि तंतूला रिबिनीसारखे पीळ पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे पीळ दिसले की कापूस ओळखता येतो.

या ओळखीचा एक प्रसिद्ध किस्सा आपल्या मुंबईत घडला आहे. १९२० च्या दशकात मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीचं एक भांडं सापडलं. त्याला कापडाचे बारीकसे अवशेष चिकटलेले होते. धातूच्या क्षारांमुळे ते कुजले नव्हते. हे अवशेष तपासणीसाठी आले माटुंग्याला, १९२४ मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेत. टर्नर आणि गुलाटी या दोन तज्ज्ञांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि निर्वाळा दिला की हा कापूसच आहे. साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचा! ती प्रयोगशाळा आजही माटुंग्याला आहे, ‘सिरकॉट’ या नावाने. रोज तिच्या दारावरून जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल, कोण जाणे.

तर हा तंतू बनतो सेल्युलोजचा. सेल्युलोज म्हणजे साखरेच्या कणांची लांबलचक माळ. साखरेला पाणी आवडतं, कारण तिच्या कणाला पाणी धरून ठेवणारे ‘हात’ असतात. सेल्युलोजलाही तेच हात असतात. फक्त या माळा एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की साखरेसारख्या विरघळत नाहीत. पाणी मात्र आत शिरतं आणि तंतू फुगतो.

किती पाणी? तुम्हाला कोरड्या वाटणाऱ्या साध्या हवेतसुद्धा १०० ग्रॅम कापसाच्या तंतूंत सुमारे ८ ग्रॅम पाणी मुरलेलं असतं. नायलॉनमध्ये ४ ग्रॅम. पॉलिएस्टरमध्ये अर्धा ग्रॅमही नाही, ०.४ ग्रॅम! म्हणजे कापूस पॉलिएस्टरच्या वीसपट पाणी बाळगून असतो, तेही हाताला ओला न लागता.

अजून एक गंमत. बहुतेक तंतू भिजले की कमजोर होतात, कापूस भिजला की उलट मजबूत होतो. धोबीघाटावर दगडावर आपटून आपटून धुतलेली धोतरं आणि नऊवारी लुगडी वर्षानुवर्षं टिकायची त्याचं एक कारण हे. ‘रेयॉन’ हासुद्धा सेल्युलोजचाच, पण लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला. तो कापसापेक्षाही जास्त पाणी पितो, पण ओला झाला की ताकद गमावतो. म्हणून रेयॉनचा कुर्ता पिळून वाळत घालू नये. पुष्कळ रुग्ण रेयॉनला ‘सिंथेटिक’ समजून टाळतात. त्वचेच्या दृष्टीने तो पॉलिएस्टरपेक्षा कापसाला कितीतरी जवळचा आहे, एवढं लक्षात ठेवा.

देवघरातला कापूस आणि दवाखान्यातला कापूस

घरी एक प्रयोग करून पाहा. देवासाठी वाती वळायला आणतो तो साधा, फक्त सरकी काढलेला कापूस घ्या आणि पाण्यावर ठेवा. तो तरंगत राहील. आता मेडिकलच्या दुकानातल्या कापसाच्या गुंडाळीतला तुकडा ठेवा. बघता बघता तो भिजून खाली बसेल.

हा फरक का? कच्च्या कापसावर मेणाचा अगदी पातळ थर असतो. रोपावर असताना पावसापासून त्याचं तेवढंच संरक्षण. मेणाला तेल प्रिय, म्हणून वात तेल झटकन ओढते, पण पाण्याला दाद देत नाही. क्षाराच्या पाण्यात उकळून हे मेण काढलं की मगच कापूस पाणी प्यायला मोकळा होतो. असा शुद्ध केलेला कापूस स्वतःच्या वजनाच्या वीसपटीहून जास्त पाणी धरून ठेवतो.

ही साधी गोष्ट शस्त्रक्रियेच्या कामी यायला १९ व्या शतकाचा शेवट उजाडला. तोवर युरोपातल्या रुग्णालयांत जखमेवर काय ठेवत? जुन्या चिंध्यांचे उसवलेले धागे, तागाचा काथ्या. तिकडे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या क्वीन्स हॉस्पिटलात जोसेफ सॅम्पसन गॅमजी नावाचे सर्जन होते. मेण काढलेल्या कापसाचा जाड थर विरविरीत कापडाच्या दोन पदरांमध्ये घालून त्यांनी एक पट्टी तयार केली आणि १८८० मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. पू आणि स्राव ती शोषून घेई, जखमेवर मऊ दाब राही, आणि पट्टी वारंवार बदलावी लागत नसे. आपल्याकडच्या वॉर्डांत आजही नर्स ‘गॅमजी पॅड आणा’ म्हणते, तेव्हा ती नकळत या सर्जनचं नाव घेत असते. बर्मिंगहॅमची ही इमारत लक्षात ठेवा; पुढे ती परत येणार आहे.

आता इथे कापसाची दुसरी बाजूही सांगायला हवी. रुग्णाला आराम देणारा हाच कापूस तो पिंजणाऱ्या कामगाराच्या छातीत जायचा. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने फुफ्फुसाचा जो आजार होतो त्याला ‘बिसिनोसिस’ म्हणतात. हे नाव १८७७ मध्ये फ्रेंच डॉक्टर आद्रियँ प्रूस्त यांनी वापरलं (प्रसिद्ध कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यांचे हे वडील). या आजाराचं लक्षण विलक्षण आहे: रविवारची सुट्टी घेऊन कामगार सोमवारी कामावर गेला की छाती आवळते, आणि आठवडा पुढे सरकेल तसं बरं वाटू लागतं. धूळ वर्षानुवर्षं जात राहिली की मग सगळेच दिवस सोमवार होतात. मुंबईत १८५० च्या दशकात ताडदेवला पहिली कापड गिरणी उभी राहिली, आणि मग गिरणगावच्या कित्येक पिढ्या ही धूळ घेत जगल्या. कापूस ‘नैसर्गिक’ आहे म्हणून तो निरुपद्रवी, असं समीकरण मांडू नका.

प्रतिस्पर्धी जन्माला आला

१९३५ मध्ये अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांनी नायलॉन तयार केलं. संपूर्णपणे रसायनांतून बनलेला हा पहिला यशस्वी तंतू. १९३८ मध्ये तो आधी दातांच्या ब्रशात आला आणि १९४० मध्ये बायकांच्या मोज्यांत. हे यश पाहायला कॅरोथर्स नव्हते. ते अनेक वर्षं तीव्र नैराश्याशी झगडत होते आणि १९३७ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, त्यांनी आयुष्य संपवलं. त्या काळी नैराश्यावर आजच्यासारखी औषधं नव्हती.

पॉलिएस्टरचा जन्म १९४१ चा. इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनतज्ज्ञांनी ते शोधलं. ते नोकरीला कुठे होते? ‘कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन’मध्ये. कॅलिको म्हणजे सुती कापड, आणि हा शब्द आला केरळातल्या कालिकतवरून, कारण तिथल्या बंदरातून हे कापड युरोपात जायचं. सुती कापड छापणाऱ्यांच्याच प्रयोगशाळेत कापसाचा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी जन्माला आला! ब्रिटनमध्ये त्याचं नाव पडलं टेरिलीन, अमेरिकेत डेक्रॉन.

आपल्याकडे ‘टेरिलिन’ हा शब्द १९६० आणि ७० च्या दशकात काय रुबाबाचा होता, हे माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. टेरिलिनचा शर्ट, टेरिकॉटची पँट, लग्नात जावयाला सफारीचं कापड. (टेरिकॉट म्हणजे टेरिलिन अधिक कॉटन.) आज आपण या कपड्यांना नावं ठेवतो, पण त्या वेळी ते लोकांना उगीच आवडले नव्हते. पाणी पीत नाही म्हणून कापड लवकर वाळतं, चुरगळत नाही, इस्त्री लागत नाही, रंग टिकतो, कसर-बुरशी लागत नाही. ज्या घरात मुलाला शाळेचा एकच गणवेश होता, तिथे भर पावसाळ्यात रात्री धुतलेला टेरिकॉटचा शर्ट सकाळी घालता यायचा. त्या आईला ‘सुतीच घाला’ असं सांगणं सोपं नव्हतं. आम्ही मेडिकलला असताना आमचे ॲप्रनही टेरिकॉटचेच होते, याच कारणांसाठी.

१९८२ हे वर्ष या दृष्टीने मला नेहमी ठळक वाटतं. १८ जानेवारीला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेक पुन्हा आत गेले नाहीत. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाला. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही. संपाची आणि गिरण्या बंद पडण्याची कारणं वेगळी आणि गुंतागुंतीची आहेत. पण आपल्या अंगावरचं कापड बदललं ते साधारण याच काळात.

घाम, खाज आणि वास

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. घाम शरीर थंड करतो, पण नुसता येऊन नाही; तो वाळावा लागतो. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम ओघळून खाली पडला तर काही उपयोग नाही.

सुती कपडा घामाची वाफ आणि ओल दोन्ही आत घेतो आणि हळूहळू बाहेर सोडतो. साध्या, घट्ट विणीच्या पॉलिएस्टरला हे जमत नाही. ओल त्वचा आणि कपडा यांच्यामध्ये अडकते, त्वचा पांढुरकी आणि मऊ पडते, घर्मग्रंथींची तोंडं बंद होतात आणि घामोळं उठतं. काखेत, जांघेत, छातीखाली त्वचेवर त्वचा घासते तिथे सालटं निघतात.

मग खेळाडूंचं काय? त्यांचे टी-शर्ट पॉलिएस्टरचेच असतात, पण धागा आणि वीण वेगळी असते. तंतू पाणी पीत नाही, पण तंतूंच्या मधल्या बारीक फटींतून घाम वर ओढला जातो आणि कापडाच्या बाहेरच्या बाजूला पसरून पटकन वाळतो. धावताना ४० मिनिटांत तुम्ही चिंब होत असाल तर असा टी-शर्ट सुतीपेक्षा बरा. सुती टी-शर्ट तेवढा घाम पिऊन जड होतो, अंगाला चिकटतो आणि छातीला घासतो. डोंगरात, थंडीत किंवा पावसात भिजलेला सुती कपडा तर अंगातली ऊब काढून घेतो. सह्याद्रीत पावसाळी ट्रेकला जाणाऱ्या मुलांनी जाड जीन्स घालू नये ती याचसाठी. म्हणून माझा सल्ला असा: खेळायला खेळाचे कपडे, पण खेळ संपला की ते लगेच काढा. तेच घालून दिवसभर ऑफिसात किंवा कॉलेजात बसणं, हा प्रकार जांघेतल्या गजकर्णाला आमंत्रण आहे.

गजकर्णाबद्दल दोन शब्द जास्त. गेली दहाएक वर्षं आपल्या देशात हा आजार फार चिवट झाला आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणारी त्याची एक बुरशी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळी म्हणून नोंदवली आणि तिच्या नावातच ‘इंडोटिनी’ म्हणजे भारत आला. त्यात मोठा वाटा आहे तो दुकानातून परस्पर आणलेल्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचा. कपड्यांनी बुरशी जन्माला येत नाही. पण घट्ट, ओल धरून ठेवणारा कपडा तिला हवं तसं घर बांधून देतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात न वाळलेली सुती अंतर्वस्त्रंही तेच करतात! तेव्हा सुती, सैल आणि पूर्ण वाळलेलं, या तिन्ही अटी एकत्र पाळायच्या. रुग्णाचे कपडे, टॉवेल घरातल्यांच्या कपड्यांपासून वेगळे, गरम पाण्यात धुवा आणि उलटे करून उन्हात घाला.

वासाचं म्हणाल तर तुमचा अनुभव खरा आहे. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये २६ जणांना व्यायाम करायला लावून त्यांचे टी-शर्ट तपासले. सुतीपेक्षा पॉलिएस्टरच्या टी-शर्टना जास्त उग्र वास येत होता आणि वास निर्माण करणारे ‘मायक्रोकॉकस’ जिवाणू पॉलिएस्टरवर चांगले वाढत होते. पॉलिएस्टरला पाणी नको असलं तरी तेलकटपणा प्रिय असतो. अंगातलं तेल त्याला धरून राहतं, साध्या धुण्यात पूर्ण निघत नाही.

अंगाला खाज सुटली म्हणजे धाग्याचीच ॲलर्जी, असंही नाही. बऱ्याचदा ती रंगाची असते, विशेषतः सिंथेटिक कापडावरच्या गडद निळ्या-काळ्या रंगांची. आणि ‘रिंकल फ्री’ लिहिलेल्या सुती शर्टावर चुरगळू नये म्हणून जे राळेसारखं द्रव्य लावतात, त्यातून थोडं फॉर्माल्डिहाइड सुटू शकतं. त्याचीही ॲलर्जी असणारे रुग्ण असतात. नवा कपडा एकदा धुऊन मगच घालावा ही आपल्या आज्यांची शिस्त त्वचेच्या डॉक्टरांनाही मान्य आहे.

आग

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. घाई असेल तर बाकीचं सोडा, पण हे वाचा.

गॅमजी यांचं क्वीन्स हॉस्पिटल ज्या इमारतीत होतं, तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बर्मिंगहॅमचं अपघात रुग्णालय सुरू झालं आणि त्यात भाजलेल्यांसाठी खास विभाग निघाला. तिथे लेनर्ड कोलब्रुक नावाचे डॉक्टर आले. बाळंतज्वराने मरणाऱ्या हजारो बायकांना सल्फा औषधाने वाचवता येतं हे १९३६ मध्ये ज्यांनी दाखवलं, तेच हे कोलब्रुक. भाजलेल्यांवर उपचार करता करता त्यांच्या मनात आलं की ही माणसं भाजतातच का, ते आधी पाहू. पत्नी व्हेरा यांच्यासह त्यांनी १००० रुग्णांचा अभ्यास केला आणि १९४९ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. उघड्या शेगड्या आणि लहान मुलींचे सैल, लवदार सुती झगे व नाइटड्रेस ही जोडी जीवघेणी होती. लवदार सुती कापडात हवा खेळती असते, त्यामुळे ठिणगी पडताच ज्वाळा भराभर वर चढते. कोलब्रुक स्वस्थ बसले नाहीत, त्यांनी कायद्यासाठी पाठपुरावा केला. १९५२ मध्ये ब्रिटनमध्ये घरगुती हीटरना जाळी बसवणं सक्तीचं झालं आणि १९६४ मध्ये मुलांच्या नाइटड्रेसच्या कापडावर नियम आले. ज्या इमारतीत कापसाने जखमा बऱ्या केल्या, त्याच इमारतीत कापसाने भाजलेली मुलं येत होती.

म्हणजे कापूसही पेटतो, आणि लवकर पेटतो. मग पॉलिएस्टरला दोष का? कारण दोघांची जळण्याची रीत वेगळी आहे. कापूस वितळत नाही. जळतो आणि राख होते. पॉलिएस्टर ज्वाळेपासून आधी आक्रसून दूर होतं, चटकन पेट घेत नाही, पण २५० ते २६० अंश सेल्सियसला वितळतं. नायलॉनचंही तसंच. हा वितळलेला चिकट रस कातडीवर बसतो आणि गार होईपर्यंत आत आत भाजत राहतो. म्हणून ज्वाळा विझल्यावरही जखम खोल होत जाते. २००६ मध्ये इराकमध्ये अमेरिकेच्या मरीन सैनिकांना छावणीबाहेर मोहिमेवर जाताना पॉलिएस्टर-नायलॉनचे खेळाचे टी-शर्ट घालायला बंदी केली गेली ती यामुळेच. स्फोटात ते अंगाला वितळून चिकटत होते.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे मिश्रण. टेरिकॉटमध्ये कापसाचे धागे वितळत नाहीत, वातीसारखे उभे राहतात. वितळलेलं पॉलिएस्टर त्यांच्यावर चढतं आणि वातीवरच्या तेलासारखं जळतं.

इंटर्नशिपमध्ये माझी पाळी जळीत वॉर्डात होती. तिथे ‘स्टोव्हचा भडका उडाला’ ही नोंद पुन्हा पुन्हा दिसायची. त्यातली प्रत्येक नोंद खरी होती असं समजण्याइतका मी भाबडा नाही. त्या काळातल्या सासुरवासाच्या कहाण्या तुम्हालाही ठाऊक आहेत, आणि तिथे गुन्हा कापडाचा नव्हता. पण ज्या बायका खरोखर स्वयंपाक करताना भाजल्या, त्यांच्यापैकी कित्येकींच्या अंगावर नायलॉनची साडी असायची. पदर शेगडीकडे ओढला जाई, आणि परकर-साडीचे थर वितळून मांड्यांना चिकटत. आज स्टोव्ह गेला, गॅस आला, पण त्याच्यासमोर झुळझुळीत पॉलिएस्टरचा गाऊन आणि मोकळी ओढणी आली.

म्हणून कळकळीने सांगतो. स्वयंपाक करताना, फटाके उडवताना, होळीजवळ, देवापुढे निरांजन लावताना अंगावर सुती आणि अंगासरशी बसणारे कपडे घाला, पदर खोचा, ओढणी काढून ठेवा. कपड्यांनी पेट घेतलाच तर धावू नका. जमिनीवर आडवे व्हा आणि लोळा. दुसऱ्या कुणाचे पेटले तर त्याला जाड सुती गोधडी किंवा लोकरीची घोंगडी लपेटा. हल्लीची ती लुसलुशीत सिंथेटिक ब्लँकेटं वापरू नका, तीही वितळतात. आग विझली की भाजलेल्या भागावर २० मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी सोडा. बर्फ नको, टूथपेस्ट, शाई, तूप काहीही नको. कातडीला चिकटलेला कपडा ओढून काढू नका. कातडी सोबत येते. त्याच्यावरूनच पाणी सोडा, बाकीचे मोकळे कपडे आणि बांगड्या, अंगठ्या काढा, धुतलेल्या सुती कापडाने झाका आणि रुग्णालय गाठा.

पॉलिएस्टरचं एक ऋण

पाण्याला जवळ न करणाऱ्या या धाग्याने जीवही वाचवले आहेत, ते सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत ह्यूस्टनला मायकेल डिबेकी नावाचे सर्जन खराब झालेली महाधमनी बदलण्यासाठी कापडाची नळी शोधत होते. ते दुकानात नायलॉन घ्यायला गेले तर नायलॉन संपलेलं. दुकानदाराने नवंच आलेलं डेक्रॉन दाखवलं. डिबेकींनी ते घरी आणलं आणि बायकोच्या शिलाई मशीनवर स्वतः नळ्या शिवल्या. लहानपणी आईकडून शिवण शिकले होते, ते असं कामी आलं. डेक्रॉन शरीरातल्या पाण्याने फुगत नाही, कुजत नाही, वर्षानुवर्षं तसंच राहतं. कापसाकडून हे झालं नसतं. २००५ च्या अखेरीस, वयाच्या ९७ व्या वर्षी, खुद्द डिबेकींची महाधमनी फाटली आणि २००६ मध्ये त्यांच्या छातीत डेक्रॉनचीच नळी बसवावी लागली. त्यानंतर ते दोन वर्षं जगले.

उलट शस्त्रक्रियागृहात मात्र एकेकाळी नायलॉनला मज्जाव होता. तेव्हा भूल देण्यासाठी ईथर आणि सायक्लोप्रोपेन हे पेट घेणारे पदार्थ वापरत. कोरड्या सिंथेटिक कपड्यांत घर्षणाने वीज साठते. हिवाळ्यात स्वेटर काढताना तडतड होते, तीच. एवढ्याशा ठिणगीने स्फोट होऊ शकत असे. थोडी ओल धरून ठेवणाऱ्या सुती कपड्यात वीज साठत नाही, म्हणून तिथे सुतीच घालत.

आता शेवटची अडचण. दुकानात सगळंच ‘कॉटन’ म्हणून विकलं जातं. ‘कॉटन फील’, ‘पीसी कॉटन’, ‘कॉटन मिक्स’ यांचा अर्थ शुद्ध सुती असा नाही. ‘पीसी’ म्हणजे पॉलिएस्टर-कॉटन, आपलं जुनं टेरिकॉटच. आतल्या शिवणीजवळची पट्टी वाचा, तिथे टक्केवारी छापलेली असते. पट्टी नसेल आणि शंका असेल तर आतल्या शिवणीकडून एकच धागा काढा, चिमट्यात धरा आणि सिंकवर त्याला काडी लावा. सुती धागा भुरकन जळतो, जळक्या कागदासारखा वास येतो आणि बोटाने चुरगळेल अशी करडी राख उरते (रेयॉनही असाच जळतो). पॉलिएस्टर आधी आक्रसतं, काळा धूर सोडत वितळतं आणि टोकाला एक कडक काळी गोळी बनते. मिश्रण असेल तर राखेत अशा बारीक कडक गाठी हाताला लागतात. हे करताना मुलांना दूर ठेवा, आणि ती गोळी पूर्ण गार होईपर्यंत तिला हात लावू नका.